खणाची मागची बाजू

बालमित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं टेबल किंवा कपाट आहे का? पणजोबांच्या वेळचं, खण ओढला की ‘कर्रर्र’ असा आवाज करणारं? ते किती जुनं आहे, कुठल्या गावात बनलं, हे तुम्ही कसं ओळखाल बरं?

अमेरिकेत जुनं फर्निचर पारखणारे तज्ज्ञ असतात. त्यांच्यासमोर अडीचशे वर्षांपूर्वीचं एखादं टेबल ठेवा. वरच्या चकचकीत फळीकडे ते फार वेळ बघत बसणार नाहीत. ते सरळ खण बाहेर ओढतील, उलटा करतील आणि बॅटरीच्या उजेडात त्याची मागची बाजू न्याहाळतील! तुम्ही म्हणाल, तिथे काय असणार? धूळ आणि कोळिष्टकं! पण खरी गोष्ट तिथेच लपलेली असते. ती वाचायला आज आपण अमेरिकेत जाऊ या. काळ आहे सतराव्या-अठराव्या शतकातला. अमेरिका हा स्वतंत्र देश अजून व्हायचा आहे आणि तिच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या वसाहती आहेत.

घरात एकच खुर्ची

१६०७ मध्ये इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउन ही वसाहत केली. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून शंभरेक माणसं उत्तरेला प्लिमथ इथे उतरली. तिथे वाम्पानोआग लोक कितीतरी आधीपासून राहत होते. नव्याने आलेल्यांपुढे संसार उभा करायचा प्रश्न होता. जहाजात जागा ती किती! पलंग, कपाटं कोण आणणार? पण समोर ओक, पाइन, मेपल, अक्रोड अशा झाडांचं अफाट जंगल होतं. त्यामुळे लाकडाचं काम जाणणाऱ्या माणसाला मोठी किंमत आली. ‘मेफ्लॉवर’वरचा जॉन आल्डन हा तरुण असाच एक कारागीर. लाकडी पिंपं बनवणं हा त्याचा धंदा.

सुरुवातीच्या घरांत सामान अगदी मोजकं असे. एक मोठी पेटी, दोन-चार बाकं, तिवया आणि एक टेबल. ती पेटी म्हणजे कपाटही, बसायची जागाही. पाठ टेकायची खुर्ची पुष्कळ घरांत एकच! तीवर घरचा कर्ता पुरुष बसे, बाकीचे बाकावर. खुर्ची म्हणजे मान! सभेत मानाच्या खुर्चीवर बसणारा तो ‘चेअरमन’. आणि जेवायचं टेबल म्हणजे ‘बोर्ड’, म्हणजेच फळी. त्या फळीवर जेवण मिळतं ते ‘बोर्डिंग’! आपण हे शब्द रोज वापरतो, पण त्यांच्या पोटात सुताराचं सामान आहे, हे कुठे माहीत असतं?

खिळ्यांशिवाय!

आज आपण फळ्या जोडायच्या म्हटलं की खिळे आणि हातोडा शोधतो. पण तेव्हा एकेक खिळा लोहार भट्टीत तापवून, ठोकून घडवायचा. खिळे इतके मोलाचे होते, की घर सोडून दुसरीकडे जाताना लोक जुनं घर जाळून टाकत आणि राखेतून खिळे वेचत! शेवटी १६४५ च्या सुमाराला व्हर्जिनियात कायदाच करावा लागला : खिळ्यांसाठी घर जाळू नका, त्या घरात जितके खिळे असतील तितके तुम्हाला भरून देऊ.

मग खुर्ची-पेटी जोडायची कशी? सांध्यांनी! एका लाकडात पटाशीने चौकोनी खाच पाडायची. दुसऱ्या लाकडाचं टोक तासून त्या खाचेत घट्ट बसेल अशी जीभ काढायची. आपल्याकडचे सुतार तिला ‘कूस’ म्हणतात. जीभ खाचेत बसली, की वरून आरपार भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची.

आता यातली गंमत ऐका. खाचेतलं भोक आणि जिभेतलं भोक हे कारागीर अगदी समोरासमोर पाडत नसत. जिभेतलं भोक ते केसभर आत सरकवून पाडत. चुकून नव्हे हं, मुद्दाम! मग खुंटी आत जाताना तिला किंचित वाकावं लागे आणि वाकता वाकता ती जिभेला खाचेत आणखी आत ओढून घेई. नुसत्या खुंटीने आवळलेला सांधा! सरस नको, खिळा नको. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अशा पेट्या आजही संग्रहालयांत ठणठणीत उभ्या आहेत.

लाकूडही ते निराळ्या पद्धतीने काढत. नुकताच तोडलेला ओकचा ओंडका घ्यायचा आणि पाचरी ठोकून उभा फोडायचा. भाकरीचे चतकोर करतो ना, तसे आधी ओंडक्याचे चार भाग, मग त्यांचे आणखी भाग. करवत लाकडाचे धागे कापत जाते. पाचरीने फोडलेलं लाकूड मात्र धाग्यांच्या रेषेतच दुभंगतं. धागे अखंड राहतात, म्हणून फळी जास्त मजबूत. ओलं लाकूड मऊ असतं, ते रंधायलाही सोपं.

पुढची बाजू रंधून गुळगुळीत केली जाई. आणि मागची? ती जशी फुटली तशीच ठेवत! जी बाजू भिंतीकडे जाणार, तिच्यावर घाम कशाला गाळायचा? म्हणूनच आज पेटी फिरवली, की पाचरीने फोडलेल्या आणि तासलेल्या खुणा जशाच्या तशा दिसतात.

लाकूड गप्प बसत नाही

पावसाळ्यात आपल्याकडे दरवाजे फुगतात आणि नीट लागत नाहीत, हे तुम्ही पाहिलंच असेल. लाकूड हवेतला ओलावा पितं, मग रुंदीत फुगतं. हवा कोरडी झाली की आकसतं. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकडाची ही सवय जात नाही.

अमेरिकेच्या त्या भागात उन्हाळा दमट आणि हिवाळा कडक. हिवाळ्यात घरात सतत शेकोटी, म्हणजे हवा एकदम कोरडी. रुंद फळी चारी बाजूंनी पक्की ठोकली, तर आकसताना ती ‘फट्’कन तडकणारच. यावर कारागिरांनी नामी तोड काढली. चार अरुंद लाकडांची चौकट करायची, तिच्या आतल्या कडेला खोबण पाडायची आणि मधली रुंद फळी त्या खोबणीत नुसती सरकवून ठेवायची. सरस लावायचाच नाही! फळी हवी तेवढी फुगू दे, आकसू दे, चौकट जागची हलत नाही. तुमच्या घरातला एखादा जुना लाकडी दरवाजा पाहा. चौकटीत बसवलेल्या फळ्या दिसल्या, तर त्यामागेही हीच युक्ती आहे, बरं का!

पेटीवरची अक्षरं

मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात १६८० ते १७३० च्या आसपास एक खास प्रकारची पेटी बनत असे. पुढच्या सगळ्या फळ्यांवर ट्यूलिपची फुलं आणि पानं कोरलेली. तिथल्या हॅडली गावावरून तिला ‘हॅडली पेटी’ म्हणतात. आणि पुष्कळ पेट्यांवर मधोमध दोन अक्षरं असतात.

ती अक्षरं कारागिराची नव्हेत. ती आहेत जिच्यासाठी पेटी बनली त्या मुलीच्या नावा-आडनावाची! चादरी, कापडं भरून ती पेटी घेऊन मुलगी सासरी जाई. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार लग्न झालं, की बाईच्या बहुतेक मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क येई. आडनावही बदले. पेटीवरची माहेरची अक्षरं मात्र लाकडात कोरलेली. ती कोण पुसणार?

शिकाऊ मुलगा

हे सगळं शिकवायला कॉलेज नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा उस्तादाकडे राहायला जाई आणि बहुधा एकविसाव्या वर्षापर्यंत तिथेच राही. वडील आणि उस्ताद यांच्यात लेखी करार होई. एकाच कागदावर तो दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी रेघेत कापायचा. एक तुकडा याच्याकडे, एक त्याच्याकडे. भांडण झालंच, तर दाते जुळवून पाहायचे!

करारातल्या अटी वाचाल तर हसाल. मुलाने पत्ते किंवा फासे खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, लग्न करायचं नाही आणि उस्तादाची गुपितं बाहेर सांगायची नाहीत. बदल्यात उस्तादाने जेवण, कपडे, राहायला जागा द्यायची आणि धंदा शिकवायचा. काही करारांत लिहिणं-वाचणं शिकवायचीही अट असे. सुरुवातीची कामं कोणती? झाडलोट करणं, भुसा उचलणं, सरस शिजवणं! जनावरांची कातडी आणि हाडं उकळून सरस करत. त्याचा वास कसा असेल, कल्पना करा!

कुठला धंदा शिकावा हा प्रश्न तेव्हाच्या मुलांनाही पडेच. बॉस्टनमध्ये साबण आणि मेणबत्त्या करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलाला तो धंदा मुळीच आवडेना. मुलगा पळून जाऊन खलाशी होईल, अशी वडिलांना धास्ती. मग त्यांनी काय केलं? मुलाला घेऊन ते गावात हिंडले. सुतार, गवंडी, कातारी, पितळेची भांडी करणारे कारागीर, सगळ्यांचं काम त्याला दाखवलं. तो मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन! शेवटी बाराव्या वर्षी तो भावाच्या छापखान्यात लागला. पण चांगला कारागीर हत्यार कसं चालवतो हे बघणं आपल्याला तेव्हापासून कायम आवडत आलं, असं त्याने मोठेपणी आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

पारव्याची शेपटी

सतराव्या शतकाच्या अखेरीला लंडनहून नवी पद्धत आली. जाड चौकटींऐवजी पातळ फळ्या आणि त्यांच्या कडांना एकमेकांत अडकणारे दाते. हा दाता पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव ‘डव्हटेल’. टोकाला रुंद आणि मुळाशी अरुंद. खण कितीही जोरात ओढा, पुढची फळी निखळत नाही!

हे दाते हाताने कापलेले. त्यामुळे एक थोडा जाड, दुसरा थोडा बारीक. जवळून पाहिलं तर कापायच्या आधी आखलेली बारीक रेघही दिसते. सगळे दाते यंत्रातून काढल्यासारखे एकसारखे असतील, तर ते सामान एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं असण्याचा संभव फार. पारखणारे खण का ओढतात, त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण आणखी मजेदार आहे. दर्शनी बाजूला अक्रोड, महोगनी असं महाग लाकूड लावत. पण खणाचा तळ, मागची फळी यांना जवळपास मिळेल ते स्वस्त लाकूड. बॉस्टनमध्ये पांढरा पाइन, फिलाडेल्फियात ट्यूलिप पॉप्लर आणि सीडर, दक्षिणेला चार्ल्सटनमध्ये सायप्रस. पुढच्या बाजूची फॅशन सगळ्या गावांत सारखी असू शकते. गावाचं नाव सांगते ती मागची बाजू!

ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट बंदरात टाउनसेंड आणि गॉडर्ड ही दोन कारागीर घराणी होती. जॉन गॉडर्ड टाउनसेंडांच्या कारखान्यात काम शिकला आणि पुढे उस्तादाचा जावई झाला! जाड महोगनीतून कोरलेले मोठाले शिंपले ही या घराण्यांची खासियत. याच परंपरेतलं, निकोलस ब्राउन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यासाठी बनलेलं एक लेखन-कपाट १९८९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात विकलं गेलं. किंमत किती? १ कोटी २१ लाख डॉलर! तोपर्यंत कुठल्याही फर्निचरला इतकी किंमत आली नव्हती.

महोगनी कुणी तोडली?

आता आणखी एक मागची बाजू पाहायची आहे. ती खणाइतकी सहज उलटून दिसत नाही.

महोगनी काही न्यूपोर्टच्या जंगलात होत नाही. ती जमैकाहून, होंडुरासच्या आखातातून जहाजाने येई. तिथे झाडं तोडायचं काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलाम माणसांकडून करून घेत. होंडुरासच्या आखातातल्या जंगलात त्यांच्यातला एखादा जाणकार सगळ्यांत उंच झाडावर चढे आणि पानांच्या रंगावरून दूरवरची महोगनी हेरे. मग सगळ्यांनी मिळून ते अजस्र झाड पाडायचं, ओंडके ओढत नदीपर्यंत न्यायचे आणि पावसाळ्यात पुरात सोडायचे. मजुरी काहीच नाही. सुट्टी मागायची सोय नाही.

त्या लेखन-कपाटाचा मालक आठवतो ना? त्याच ब्राउनच्या कंपनीने १७६४ मध्ये ‘सॅली’ नावाचं जहाज आफ्रिकेला पाठवलं, माणसं आणायला. जहाजाच्या कप्तानाने १९६ माणसं मिळवली. त्यांतली निदान १०९ मरण पावली. जहाजाच्या हिशेबाच्या वहीत हे मृत्यू एकेक करून नोंदवलेले आहेत.

काही कारखान्यांत तर रंधा चालवणारे हातही गुलामांचेच होते. चार्ल्सटनमध्ये टॉमस एल्फ हा नावाजलेला फर्निचरवाला होता. १७६८ ते १७७५ या काळातली त्याची हिशेबाची वही आजही आहे. त्याच्या मालकीच्या गुलामांत करवतकाम आणि सुतारकाम जाणणारी माणसं होती. पण फर्निचर ओळखलं जातं ते एल्फच्या नावाने.

दोन मेजांची गोष्ट

शेवटी दोन मेजांची खरी गोष्ट सांगतो.

१७७६ मध्ये वसाहतींनी इंग्लंडपासून स्वतंत्र व्हायचं ठरवलं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायचं काम आलं ३३ वर्षांच्या टॉमस जेफरसन यांच्याकडे. त्यांनी तो एका छोट्याशा महोगनीच्या मेजावर लिहिला. मांडीवर घ्यायचं, तुमच्या दप्तरात मावेल एवढंच ते मेज! आराखडा स्वतः जेफरसन यांचा आणि बनवणारे फिलाडेल्फियाचे नामांकित कारागीर बेंजामिन रँडॉल्फ. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, हा विचार जगभर गाजला तो या मेजावरून. आणि तो लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीचे, आयुष्यभरात मिळून, सहाशेहून अधिक गुलाम होते.

त्याच १७७६ साली व्हर्जिनियात जेफरसन यांच्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर एक मूल जन्मलं. जॉन हेमिंग्ज. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. मोठेपणी ते जेम्स डिन्समोर या आयरिश कारागिराच्या हाताखाली शिकले आणि असे तयार झाले, की मॉन्टिसेलोच्या सुतारशाळेचा सगळा भार त्यांच्यावर आला. त्यांना लिहिता-वाचताही येई. जेफरसन यांची नातवंडं त्यांना प्रेमाने ‘डॅडी’ म्हणत.

१८२५ मध्ये नात एलन हिचं लग्न झालं आणि ती बॉस्टनला गेली. तिच्यासाठी हेमिंग्ज यांनी जीव ओतून एक लिहायचं मेज बनवलं. मेज आणि एलनचं सगळं सामान जहाजाने निघालं आणि जहाज वाटेत बुडालं! बातमी कळताच हेमिंग्ज पार खचले. बाकीच्या सामानाचं त्यांना काही वाटेना. तेवढं एक मेज गेलं, हेच दुःख! ‘एखाद्या महाकवीचं काव्य जळून जावं, तसं त्यांना झालं आहे,’ अशा अर्थाचं जेफरसन यांनी नातीला कळवलं.

हेमिंग्ज यांच्या हातचं तसं दुसरं मेज आता होणं कठीण होतं. त्यांचं वय झालं होतं, नजर मंदावली होती. मग बुडालेल्या मेजाच्या जागी जेफरसन यांनी आपलं जुनं छोटं मेज एलनच्या नवऱ्याला भेट पाठवलं. हो, तेच! ज्यावर जाहीरनामा लिहिला ते! पुढे १८८० मध्ये त्या कुटुंबाने ते देशाला दिलं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हेमिंग्ज यांचं मेज समुद्राच्या तळाशी गेलं.

४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन वारले. त्यांची शवपेटी हेमिंग्ज यांनीच बनवली. मृत्युपत्रात मोजक्या पाच जणांना मुक्त करावं असं लिहिलं होतं. त्यात हेमिंग्ज यांचं नाव होतं : वर्षभराने स्वातंत्र्य द्यावं आणि सुतारशाळेतली हत्यारंही द्यावीत. पन्नाशी ओलांडल्यावर ज्या हत्यारांनी त्यांनी जन्मभर काम केलं, ती पहिल्यांदा त्यांच्या मालकीची झाली. मळ्यावरच्या इतरांचं नशीब तसं नव्हतं. १३० माणसांच्या विक्रीची जाहिरात निघाली.

मित्रांनो, सुंदर वस्तू पाहिली की ‘वा!’ म्हणावंच. पण मग ती फिरवूनही बघावी. मागच्या बाजूला रंध्याच्या खुणा असतात, आखलेली रेघ असते आणि ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांचं कामही असतं.

तुम्ही करून बघा

या रविवारी घरातल्या मोठ्यांना विचारून एक जुना लाकडी खण हळूच बाहेर काढा. (आतलं सामान आधी काढून ठेवा, नाहीतर आईची बोलणी खाल!) कोपरे कसे जोडलेत? खिळ्यांनी, की दात्यांनी? पुढचं आणि मागचं लाकूड एकच आहे का? आणि आजी-आजोबांना विचारा : हे कुणी बनवलं? त्या सुताराचं नाव काय होतं? कळलं तर वहीत लिहून ठेवा.